एका ताग्यातली माणसं

मास्तरांनी ब्लाउज उलटा केला, बाजूची शिवण काखेपासून कमरेपर्यंत उसवली आणि तेवढ्यात दुकानाच्या दारात सावली पडली. त्यांनी हातातला ब्लाउज एका गिऱ्हाइकाच्या पँटखाली सारला. पण सावली बारकीची होती, आणि बारकीपासून या दुकानात काही लपवणं सोपं नव्हतं. लग्न झालं, स्वतःची लेक शाळेत जायला लागली, तरी मास्तरांची मुलगी बारकीच राहिली होती, आणि तिचं सगळं लहानपण याच टेबलाखाली चिंध्यांत लोळून गेलं होतं. तिनं पँट बाजूला केली.

"हा आईचा ना?"

"इस्त्रीला आणलाय."

"इस्त्रीला उसवावं लागतं?"

मास्तरांचा धंदाच मुळी थापांवर चालत आलेला. 'फक्त बटणं राहिलीत', 'आत्ताच तुमचा कोट हातात घेतला होता', 'उद्या संध्याकाळी घेऊनच जा', हे ते झोपेतसुद्धा बोलू शकले असते. लेकीपुढे मात्र त्यांना एकही थाप सुचेना. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

बारकीची नजर टेबलाखाली गेली. चिंध्यांच्या ढिगात तिला आईच्या घरच्या झग्याची एक लांब निमुळती पट्टी दिसली. मग राखाडी ब्लाउजची, मग थंडीतल्या कोटाच्या अस्तराची. ती खाली बसली आणि एकेक पट्टी उचलून मांडीवर ठेवू लागली. आईचे सगळे कपडे तिथं होते, थोडे थोडे.

"म्हणून ती सगळ्यांना सांगत सुटलीय," बारकी म्हणाली, "की मला काही झालेलं नाही, माझे कपडे बघा, जसेच्या तसे बसतात."

मास्तरांनी सुईत दोरा ओवायला घेतला आणि तो ओवला जाईना.

झालं होतं ते असं. थंडी सुरू व्हायच्या सुमाराला मास्तरीणबाईंचं पोट दुखायला लागलं. गल्ली मास्तरांना मास्तर म्हणे, म्हणून त्या मास्तरीणबाई. शाळेचं तोंड त्यांनी फारसं पाहिलेलं नव्हतं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मास्तरांना आणि बारकीला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं की गाठ पसरलीय, चिरफाड करून आता उपयोग नाही, दुखणं कमी होईल अशी औषधं देऊ. पुढच्या वर्षीचा नाताळ धरून चालू नका, असंही म्हणाले. मास्तरीणबाईंना आतड्याला सूज आहे एवढंच कळवण्यात आलं. मास्तरांनी बारकीकडून तसं वचनच घेतलं.

पुढच्याच आठवड्यात चर्चला निघताना बाई आरशापुढे थबकल्या. हा ब्लाउज सैल झाला की काय, म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मास्तरांनी पूर्वी कधी न पाहिलेली भीती पाहिली. धुऊन धुऊन कापड सैल पडतं, असं काहीतरी ते बोलून गेले. दुसऱ्या दिवशी ब्लाउज इस्त्रीला म्हणून दुकानात आणला, दोन्ही बाजूंनी आत घेतला आणि घरी नेऊन खुंटीला लावला. बाईंनी घातला, आरशात पाहिलं, हात वर-खाली केले. बसला बघा परत, म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला, आणि मास्तर त्या दिवसापासून त्यात अडकले ते अडकलेच.

बोटातली अंगठी सैल झाली तर थंडीत बोटं आकसतात असं सांगता येत होतं. गाल बसले तर वयावर घालता येत होतं. पण कपड्यांबद्दल कुणी बाईंना फसवू शकेल असं कुणाला वाटलंही नसतं, आणि मास्तर आपल्याला फसवतील हे खुद्द बाईंना तर नाहीच. जन्मभर त्यांनी काजं केली, बटणं लावली, गिऱ्हाईक दारातून आत येतानाच 'पाठीत पोक आहे, मागून अर्धा इंच वाढवा' असं त्या कुजबुजत. कपडा अंगाला लागतोय म्हणजे अंग जागेवर आहे, एवढा सरळ हिशेब. आत घेतलेली शिवण जाड लागू नये म्हणून मास्तर जास्तीचं कापड कापूनच टाकत. असं कापलेला कपडा पुन्हा कधी सैल करता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी ते कापत होते.

"बाबा, तिला सांगायला पाहिजे."

"नाताळ होऊ दे."

"आणि दादा? त्याला कधी बोलवायचं? ती गेल्यावर?"

मास्तरांनी सुई खाली ठेवली. "एक नाताळ, बारके. नेहमीसारखा. एवढा एक मिळू दे मला. मग तू सांग, मी सांगतो, कुणीही सांगा."

बारकीनं पट्ट्यांची घडी केली, पर्समध्ये घातली आणि डोळे पुसत निघून गेली. ती आली होती मुलीचा फ्रॉक ट्रायलला न्यायला, तो तसाच विसरली.

नाताळ नेहमीसारखा म्हणजे एका ताग्याचा. या घराची ती रीतच होती आणि गल्लीला त्याची वर्षभर पुरेल इतकी करमणूक होई. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला मास्तर ज्यांच्याकडे कामाला होते त्या मालकांनी कडेला डाग पडलेला एक तागा त्यांना देऊन टाकला. मोठाली सूर्यफुलं होती त्यावर. दुसरं काही घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्याचाच मास्तरांचा शर्ट झाला आणि त्याचाच बाईंचा झगा. चर्चच्या पायऱ्यांवर लोक हसले. बाई त्यांच्याहून मोठ्यानं हसल्या, आणि पुढच्या वर्षी आपण होऊन, ठरवून त्यांनी, एकच तागा घेतला.

मग मुलं आली, पुढं जावई आला, नात आली, आणि सगळी त्या ताग्यात बसत गेली. 'पडदे निघाले' असं शेजारीपाजारी म्हणत. एका वर्षी निळ्या कापडाचा रंग कच्चा निघाला, वाटेत पाऊस लागला आणि सगळं कुटुंब माना निळ्या करून प्रार्थनेला उभं राहिलं. एका वर्षी बाई आजारी होत्या म्हणून मास्तरांनी स्वतः कापड बेतलं, तर जहाजांची नक्षी त्यांच्या पाठीवर उलटी आली. सगळी जहाजं डोक्यावर उभी. तेव्हापासून नाताळच्या ताग्याला कात्री लावायची ती बाईंनी, असा कायदाच झाला.

आणि बेतावं तर त्यांनीच. सगळ्यांची मापं त्यांना तोंडपाठ. थोरल्या मुलाच्या बाहीच्या बगलेत बारकीची कॉलर, स्वतःच्या झग्याच्या घेरातल्या कळ्यांमधल्या फटीत मास्तरांचा खिसा, असं त्या कापडावर खडूनं मांडत जात. बाई अंगानं भरदार. एकट्या त्यांच्या झग्यालाच दोघींचं कापड लागे, आणि त्यावरून त्या स्वतःच विनोद करत. एवढं होऊन शेवटी उरे ते तळहाताएवढं. त्याची त्या चांदणी शिवत, आत कापूस भरत आणि झाडाला टांगत. दुकानातून चकचकीत गोळे आणायची या घराला कधी गरज पडली नाही. झाडावर सूर्यफुलं होती, जहाजं होती, तो कच्चा निळा होता. नात एकेका चांदणीला हात लावून विचारी आणि बाई त्या वर्षीची गोष्ट सांगत. गोष्ट दरवर्षी थोडी वाढे.

बिनसलं ते थोरल्याचं. नोकरीला लागल्यावर पहिल्या नाताळाला त्यानं शर्ट हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाला, आपण काय बँडवाले आहोत? मित्र येणार होते त्याचे. बाईंनी शर्ट परत घेतला. नको तर नको, म्हणाल्या. शब्दानं शब्द वाढला, तो लांबच्या शहरात बदली घेऊन गेला आणि पुढच्या नाताळाला आलाच नाही. ज्या दिवशी शर्ट मागेल त्या दिवशी शिवीन, असं बाई बोलून बसल्या. तो बापाला फोन करी, बहिणीला करी. आईला 'कशी आहे' असं त्यांच्यामार्फत विचारी. दोघं एकाच ताग्यातली. हट्टात कुणी कुणाला हार जात नव्हतं.

यंदा तागा आणला त्या दिवशीची गोष्ट मास्तरांच्या मनातून जात नव्हती. गडद हिरव्यावर बारीक पांढरे ठिपके. दुकानदारानं दरवर्षीप्रमाणे मोजून दिला होता. बाई त्यावरून हात फिरवत बसल्या होत्या, आणि एकदम म्हणाल्या, यंदा मीच फोन करावा का हो त्याला? मास्तर समोर बसून डब्यातली बटणं निवडत होते. कर, आत्ता कर, असं ओरडावंसं वाटलं. पण आजवर कधी मध्ये न पडलेला माणूस आताच का आग्रह करतोय, असं तिच्या मनात आलं तर? ते बटणं निवडत राहिले. बाईंनीच मग स्वतःला उत्तर दिलं. "राहू दे. पुढच्या वर्षी बघू. मी काय कुठं पळून चाललेय?"

मास्तरांनी एक बटण दुसऱ्या रंगाच्या कप्प्यात टाकलं आणि मान हलवली.

कापडही यंदा त्यांनीच बेतलं. तू पडून राहा, दुकानात मोठं टेबल आहे, तिथंच उरकतो, असं सांगून तागा घेऊन गेले. बाईंनी जहाजांची आठवण करून दिली आणि हसून जाऊ दिलं. बाईंचा हात किती बारीक झालाय हे मास्तरांना त्यांच्या कोपराला धरून धरून माहीत झालं होतं. टेप लावायची वेळ आली नाही. बाकीच्यांचे कपडे त्यांनी झरझर शिवले. बाईंचा झगा शिवताना मशीन पुनःपुन्हा थांबत होतं, कारण त्यांना समोरचं दिसत नव्हतं.

नाताळच्या आदल्या दुपारी ते गाठोडं घेऊन घरी आले. बारकी झाडाला चांदण्या बांधत होती. जावई नातीला घेऊन चर्चमध्ये सजावटीला गेला होता. बाईंनी गाठोड्यातून आपला झगा काढला आणि आतल्या खोलीत जाऊन घालून आल्या. गळा, खांदे, कंबर, सगळं जिथल्या तिथं. त्या गोल फिरल्या. त्यांना थोडी धाप लागली, तरी आणखी एकदा फिरल्या.

"बघ," त्या बारकीला म्हणाल्या, "डॉक्टरपेक्षा तुझ्या बापाला जास्त कळतं. सूज आहे म्हणे. उतरली सूज."

बारकी झाडाकडे तोंड करून उभी राहिली. मास्तरांना वाटलं, जमलं. एवढी संध्याकाळ आणि उद्याचा दिवस, बस. कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा ते नीट श्वास घेऊन खुर्चीत टेकले.

बाईंचा हात पुन्हा गाठोड्यात गेला. चांदणीसाठी उरलेलं कापड त्या शोधत होत्या, आणि ते तळाशी होतं, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेलं. दरवर्षी ठेवायचे तसंच मास्तरांनी ते ठेवलं होतं. त्या ताग्यातलं चिंधूकही घराबाहेर टाकायचं नाही, ही सवय हाताला इतकी होती की डोक्यानं त्याला अडवलंच नाही. घडी तळहाताएवढी नव्हती. बाईंनी ती उलगडली, आणखी उलगडली, आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. टेबल जवळजवळ झाकलं गेलं.

मास्तर खुर्चीतून उठले आणि उभेच राहिले.

बाईंनी दोन्ही हातांनी कापड सारखं केलं. दुकानदारानं जास्त दिलं का, असं विचारलं. मास्तरांच्या तोंडून 'हो' निघायला हवं होतं आणि निघालं नाही. मग त्या बराच वेळ कापडाकडे बघत राहिल्या, बेतायच्या आधी बघायच्या तशाच. त्यांची बोटं कापडावर चालत होती. यांचा शर्ट, तिचा झगा, जावई, नात, असं त्या मनाशी वजा करत असाव्यात. शेवटी त्यांनी स्वतःच्या अंगावरच्या झग्याची बाजू चिमटीत धरली. चिमटीत काहीच आलं नाही, इतका तो अंगाबरोबर होता.

"एवढ्यात एक माणूस बसतं," त्या म्हणाल्या.

"माझे सगळे कपडे?"

मास्तरांनी मान हलवली. मग त्यांना रडू कोसळलं. तुझा चेहरा बघवला नाही गं मला त्या दिवशी, एवढंच ते पुनःपुन्हा म्हणत राहिले. डॉक्टर काय म्हणाले ते बारकीनं सांगितलं, झाडाला धरून, जेवढं ऐकलं होतं तेवढं सगळं. बाईंनी मध्ये एक शब्द विचारला नाही. सांगून झाल्यावर त्या खुर्चीत बसल्या. त्यांचा रंग उतरला होता. आपल्या मनगटाकडे त्या अशा बघत होत्या की ते जणू आत्ताच दिसलं.

"मरायची भीती मला वाटलीच असती," त्या शेवटी म्हणाल्या. "चार दिवस रडले असते. मग उठले असते. पण मी त्याला फोन करू का विचारलं, तेव्हा तुम्ही समोर बसून बटणं निवडत होतात."

"हो."

"पुढच्या वर्षी म्हटलं मी. आणि तुम्ही मान हलवलीत."

आपण बायकोला भीतीपासून वाचवतोय असं मास्तर इतके दिवस समजत होते. खरं तर त्यांना स्वतःला तिच्या भीतीपासून वाचायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी तिचे हातात असलेले दिवस तिच्यापासून कापून घेतले होते. हे त्यांना आता लख्ख दिसलं, आणि जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

बाई टेबलाला धरून उठल्या. ड्रॉवर उघडून त्यांनी खडू काढला. कापडाचा उभा-आडवा धागा पाहिला, एक कड दुमडली, परत सोडली. पाठीला सांधा द्यावा लागेल, म्हणाल्या, कॉलर आतून जोडाची निघेल, बाह्या पुरतात. मग बारकीला म्हणाल्या, दादाला फोन लाव, आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेव.

फोन कापडाच्या कडेला ठेवला गेला. बरीच रिंग वाजल्यावर तिकडून थोरल्याचा आवाज आला. काय गं बारके, म्हणाला.

"मी बोलतेय. छाती किती तुझी?"

फोन तुटला असं मास्तरांना वाटलं.

"आई?"

"शर्ट बेततेय. छाती सांग."

"माझं माप... बाबांकडे असेल ना."

"बाबांचं माप मला चालत नाही," बाई म्हणाल्या. "तू सांग."

मास्तरांनी मान खाली घातली. थोरला गोंधळला होता. सगळं ठीक आहे ना, तू बरी आहेस ना, असं त्यानं विचारलं. इतक्या वर्षांत आईला त्यानं हे सरळ पहिल्यांदाच विचारलं होतं.

"नाही रे. बरी नाही. बरी होणारही नाही, ते मला आत्ता कळलं. सगळं सांगते. तू निघ, नवीन वर्षापर्यंत पोहोच. पण आधी माप दे, कापड पसरून उभी आहे मी. मला फार वेळ उभं राहवत नाही."

टेप नाहीये घरात, तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

"कमरेचा पट्टा काढ. छातीभोवती घे, काखेतून. जिथं मिळेल तिथं नख लाव आणि वितीनं मोज."

पट्ट्याच्या बकलाचा आवाज आला. मग नाक ओढल्याचा. तिघं टेबलाभोवती उभी होती. बारकी रडत होती, आवाज न करता.

"चार वीत," तो म्हणाला. "चार वीत आणि तीन बोटं."

बाईंनी आपली वीत कापडावर ठेवून पाहिली आणि उचलली. त्यांची वीत लहान. त्या क्षणभर थांबल्या, मग नवऱ्याकडे न बघताच त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि हात ओढून कापडावर ठेवला.

"त्याची वीत तुमच्याएवढी आहे. बोटं ताणा."

मास्तरांनी बोटं ताणली. हाताखालचं कापड सरकत होतं. बाईंनी स्वतःचा डावा हात त्यांच्या हातावर ठेवून तो दाबून धरला आणि करंगळीच्या टोकाशी खडूनं खूण केली.

"पुढं घ्या," त्या म्हणाल्या. मास्तरांनी अंगठा खुणेवर आणला आणि पुन्हा बोटं ताणली.